दोन बुलेटमधली हवेत सरस कोणती, हे कसं ओळखायचं

बॉक्सवरचा बीसी बघून रायफलची बुलेट निवडणारे खूप आहेत. बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोइफिशंट, तो जास्त असेल तर बुलेटचा वेग हवेत कमी घटतो, इथपर्यंत ठीकच आहे. पण दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच मॉडेलचे, म्हणजे तुलनेला धरलेल्या एकाच नमुना-बुलेटवरून काढलेले आहेत का ते बघा. जी१ चा नमुना आखूड आणि मागून सपाट, जी७ चा लांब, निमुळता, बोट-टेलवाला, म्हणजे मागूनही निमुळता. एकाच बुलेटचा जी७ आकडा जी१ च्या साधारण निम्मा येतो, म्हणजे एकीवर जी७ ०.२५ आणि दुसरीवर जी१ ०.४५ लिहिलं असेल तर पहिलीच बहुतेक सरस असते, पण दिसते मात्र उलट. लांब बोट-टेल बुलेटसाठी जी७ च धरा, कारण तिचा जी१ वेगाबरोबर बराच बदलतो. सिएरा कंपनी म्हणूनच वेगवेगळ्या वेगाला वेगळा जी१ देते.

आता थोडं गणित, कॅल्क्युलेटरवर होतं. ग्रेनमधलं वजन (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं एकक, ७००० ग्रेनचा एक पाउंड) भागिले ७०००, मग त्याला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागा, ही झाली सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे जाडीच्या मानाने वजन किती ते, जास्त तितकं बरं. ०.३०८ इंची १८० ग्रेनची येते ०.२७१. ०.२६४ इंची (जिला ६.५ मिमी म्हणतात) १४० ग्रेनची येते ०.२८७. चाळीस ग्रेन हलकी असून पुढे! नुसत्या वजनावर जाऊ नका असं मी सारखं सांगतो ते यासाठीच. मग या आकड्याला जी७ बीसीने भागा, फॉर्म फॅक्टर मिळतो. समजा त्या १४० ग्रेनचा बीसी ०.३० आहे, तर ०.२८७ भागिले ०.३० म्हणजे ०.९६ च्या आसपास. १ पेक्षा कमी आला म्हणजे आकार नमुन्यापेक्षा सफाईदार.

माझ्या मते खरी तुलना होते ती वाऱ्यात. कुठल्याही बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही बुलेट टाका, पण प्रत्येकीला तुमच्या रायफलमधून मिळणारा तिचा स्वतःचा वेग द्या, कारण जड बुलेट हळू निघते. मग टाइम ऑफ फ्लाइट, म्हणजे बुलेटला पोचायला लागणारा वेळ बघा. समजा दोन्ही ९०० मी/सेकंदने निघाल्या, ३०० मीटरला एकीला ०.३७५ सेकंद लागले, दुसरीला ०.४१. हवाच नसती तर ०.३३३ लागले असते. हा जो जादा वेळ आहे त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा, तेवढी बुलेट सरकते. वारा ५ मी/सेकंद असेल तर पहिली २१ सेंमी, दुसरी ३८ सेंमी. शिकारीत एवढ्या फरकाने जनावर जखमी होऊन पळतं, आणि हे कुणालाच नको असतं.

बॅरलचा ट्विस्टही, म्हणजे बुलेटला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा पीळही बघा. लांब बुलेटला वेगवान ट्विस्ट लागतो, स्टॅबिलिटी फॅक्टर (बुलेट हवेत किती स्थिर राहते त्याचा आकडा) १.५ च्या खाली गेला तर नेम बरा लागला तरी छापील बीसी पूर्ण मिळत नाही. बुलेटच्या टोकाला बसवलेल्या प्लॅस्टिक टिपचंही आहेच. हॉर्नडी या बुलेट कंपनीला डॉपलर रडारवर (उडत्या बुलेटचा वेग मोजणारं रडार) दिसलं की हवेच्या घर्षणाच्या उष्णतेने टिप मऊ पडून बीसी घसरतोय, मग २०१५ च्या सुमारास त्यांनी उष्णता सोसणारी टिप आणली.

२०० मीटरच्या आतच मारायचं असेल तर बीसीपेक्षा बुलेट जनावराला लागल्यावर नीट फुलते (पसरते) का ते आधी बघा. त्याच्या पुढे जायचं असेल तर कंपनीने फुलायला लागणारा किमान वेग दिलेला असतो, तुमच्या अंतरावर तेवढा उरतोय का ते त्याच कॅल्क्युलेटरमध्ये तपासा, उरत नसेल तर बीसी कितीही भारी असला तरी ती बुलेट त्या अंतरासाठी नाही.