ट्रेलचे बूट आणि गोव्याची दमट हवा : या चुका टाळा

पावसाळा सरला तसे मी माळ्यावरच्या खोक्यातून ट्रेलचे, म्हणजे कच्च्या वाटांवर धावायचे, बूट काढले. जेमतेम दोनशे किलोमीटर धावलेली जोडी, जूनमध्ये नीट पुसून ठेवलेली. वाळपईबाहेरच्या कच्च्या वाटेवर पहिल्याच चढाला उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटून लोंबू लागला. आपल्याकडे बूट धावून झिजायच्या आधी ओलीने मरतात, हे मला तेव्हा कळलं.

धावण्याच्या बहुतेक बुटांचा मधला थर ईव्हीए नावाच्या हलक्या प्लास्टिकच्या फोमचा असतो. त्याला दमट हवा फारसं काही करत नाही. पण तळ चिकटवणारा गोंद बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि काही बुटांत मधला थरही त्याचाच. हवेतली वाफ या पदार्थाचे बंध हळूहळू तोडत जाते. म्हणून न वापरलेले बूटही सुटतात, कधी तर फोमचा चुरा पडतो. बंद खोकं किंवा प्लास्टिकची पिशवी ही ओल आतच कोंडून ठेवते. बूट उघड्यावर, वारा खेळेल अशा जागी ठेवा आणि अधूनमधून पायात घाला.

सगळ्यात जास्त बूट बिघडतात ते सुकवताना. घाईघाईत न्हाणीतल्या चुलीजवळ ठेवले, की उष्णतेने फोम आकसतो आणि गोंद मऊ पडतो. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही तेच होतं. आतला सुटा सोल बाहेर काढा, नाड्या पूर्ण सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने ते भिजलेले असतील, ते बदला. मग रात्रभर पंख्याखाली. जुलैमध्ये एवढं करूनही सकाळी बोटांकडे ओल राहते, त्यामुळे रोज धावणाऱ्याने दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. हा खर्च मला चैन वाटत नाही.

सुकवण्याआधी चिखल काढायलाच हवा. जांभ्याच्या लाल मातीत बारीक, कडक खडे असतात. ते बुटाच्या वरच्या कापडी जाळीत अडकतात आणि बोटं वळतात त्याच ठिकाणी, प्रत्येक पावलागणिक, धागे कापत राहतात. जुना दात घासायचा ब्रश आणि गोडं पाणी पुरे. वॉशिंग मशीन नको. मिरामारच्या वाळूत धावलात तर त्याच दिवशी धुवा : जाळीत उरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, मग तो बूट कधी धड सुकतच नाही.

पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घेण्याचा मोह होतो. ओहोळ ओलांडताना पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि तिथेच साचतं. शिवाय आपल्या उकाड्यात घामही बाहेर पडत नाही. साध्या जाळीचा, पाणी झटकन सोडणारा बूट बरा. मोजे मात्र सुती नकोत, भिजले की फोड येतात.

घरापासून वाटेपर्यंतचं डांबर त्याच बुटांनी तुडवू नका, तळाचे रबरी दात तिथेच घासून जातात.

मापाबद्दल एकच : संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना बूट घालून पाहा आणि पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. चोर्ला घाटासारख्या उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नाडी वरच्या शेवटच्या भोकातूनही ओवली, की टाच घट्ट बसते.

साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर मधल्या थराकडे नीट पाहा. खोल आडव्या सुरकुत्या दिसल्या, किंवा टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलला, तर तळ शाबूत असूनही फोम संपलेला असतो. गुडघ्यांना ते आधी कळतं.

फोम चांगला असेल आणि फक्त तळ सुटला असेल, तर मोच्याकडे न्या. जुना गोंद पॉलिश पेपरने पुरता घासायला सांगा, नवा लावल्यावर कडेने शिलाई मारून घ्या. माझी ती जोडी अशीच शिवून घेतली. अजून वापरात आहे.