कार्बोरेटरची जिप्सी मिसिंग करते तेव्हा

जुनी जिप्सी मिसिंग करायला लागली, म्हणजे सिलिंडर मधूनमधून पेटेनासा झाला, की पहिला स्क्रू फिरतो तो कार्बोरेटरचा. तिथेच तपास भरकटतो. मिक्श्चर थोडं रिच केलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवलं, की मेलेला सिलिंडर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) झाकला जातो, गाडी दोन दिवस बरी वाटते आणि मग एकाऐवजी दोन दोष शोधत बसावं लागतं. आधी ठिणगीचा करंट, मग कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), आणि सगळ्यात शेवटी पेट्रोल, हा क्रम सोडू नका. इथली माहिती १९८५ पासूनची ९७० सीसीची आणि १९९६ नंतरची १३०० सीसीची, अशा दोन्ही कार्बोरेटरवाल्या जिप्सींसाठी आहे. २००० नंतरच्या एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीचा तपास वेगळा असतो.

झटका इंजिनाचाच आहे ना, हे आधी ठरवा. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटवर बसलेला असतो आणि त्याला तीन शाफ्ट जोडलेले असतात. शाफ्टच्या सांध्यातला एखादा क्रॉस सुटला किंवा माउंटचं रबर फाटलं की येणारे धक्के अगदी मिसफायरसारखे वाटतात. रिकाम्या सपाट रस्त्यावर, ज्या वेगाला धक्के येतात त्या वेगाला क्लच दाबून गाडी तशीच जाऊ द्या. थरथर चालूच राहिली तर गाडीखाली शिरून क्रॉस हलवून बघा. क्लच दाबताच थांबली तर तोच आरपीएम वेगळ्या गिअरमध्ये आणा. धक्के आरपीएमबरोबर आले तर दोष इंजिनात आहे.

आता गाडी उभी करून चाकांना दगड लावा. ट्रान्सफर केसचा लिव्हर चुकून न्यूट्रलला राहिला असेल तर मुख्य गिअर टाकलेला असूनही गाडी सरकते, म्हणून दगड हवेतच.

पुढचा प्रश्न असा, की एकच सिलिंडर मरतोय की चारही आळीपाळीने? इथेच तपासाला दोन वाटा फुटतात. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्यात एक जादा प्लग खोचा आणि त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या ब्लॉकला घट्ट क्लिप करा. आसपास पेट्रोल गळत नाही ना ते आधी बघा. इंजिन सुरू करून आयडल किती पडतो ते पाहा, बंद करा, पुढची वायर घ्या. ज्या सिलिंडरची वायर काढूनही आयडल पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. चालू इंजिनावर हाताने वायर उपटू नका. शॉक बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर करंटला जायला वाट न मिळाल्याने कॉइल किंवा इग्नायटर जळू शकतो. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. वायर परत लावताना हे बघूनच लावा.

एकच सिलिंडर सापडला तर नवीन काहीही विकत आणायची घाई नको. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग प्लगबरोबर गेलं तर प्लग बदला. नाही गेलं तर वायर तपासा. तिचा रेझिस्टन्स मीटरभर लांबीला साधारण १० ते २२ किलोओहम असावा, आणि मोजताना वायर वाकवून बघा, कारण आत तुटलेली वायर सरळ असताना बरोबर आकडा दाखवते. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. काढलेला प्लग बरंच सांगतो. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही किंवा कम्प्रेशन नाही. तेलकट काळा असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंग. पांढरा, भाजल्यासारखा असेल तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे.

चारही सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील तर डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना पाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडा. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप गेली, पुसून ती सुधारत नाही. मधला कार्बनचा ठिपका स्प्रिंगवर हलतो का, रोटरचं टोक जळलंय का, हेही बघा. पावसाळ्यात किंवा ओढा ओलांडल्यावरच मिसिंग येत असेल तर अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवा. जिथून करंट गळतो तिथे निळसर ठिणगी दिसते. आत पॉइंट (जुन्या पद्धतीचे, करंट तोडणारे संपर्क) असतील तर त्यांचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी हवा. शाफ्ट बाजूला हलत असेल तर बुश झिजलाय, आणि मग गॅप कितीही वेळा लावला तरी तो टिकणार नाही.

एक दोष हमखास नजरेतून सुटतो. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमधली पिकअपची (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरची) बारीक वायर व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (हवेच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे घेणाऱ्या भागाबरोबर) सतत हलते आणि आवरणाच्या आत तुटते. मग ॲक्सिलरेटर दाबताक्षणीच गाडी झटका देते आणि सगळे कार्बोरेटरला दोष देतात. आयडलवर असताना ॲडव्हान्सची नळी डिस्ट्रिब्युटरपासून लांबच्या टोकाला काढा, उघडं पडलेलं भोक बोटाने बंद करा आणि नळीतून तोंडाने हवा ओढा. त्याच क्षणी इंजिन अडखळलं तर वायर तुटलेली आहे. ओढलेली हवा टिकतच नसेल तर डायफ्रॅम फाटलाय. अर्ध्या तासाने, इंजिन तापल्यावरच सुरू होणारं मिसिंग मात्र बहुधा कॉइलचं किंवा कंडेन्सरचं असतं.

करंट ठीक निघाला तर कम्प्रेशन घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची पॉझिटिव्ह वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. १३०० च्या इंजिनात सुमारे २०० पीएसआय यायला हवं, १७० च्या खाली गेलं तर काम निघालं, आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक १४-१५ पीएसआयपेक्षा जास्त नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गास्केटवर संशय घ्या.

हेड उतरवायच्या आधी टॅपेट मात्र नक्की तपासा. टॅपेटचा आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक, हा समज महागात पडतो. गॅप संपलेला टॅपेट मुळीच आवाज करत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आयडलला सिलिंडर मरतो, आरपीएम वाढवला की गाडी सुधारते, आणि काही महिन्यांत व्हॉल्व्हची कड जळते. थंड इंजिनावर गॅप ०.१५ मिमीच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो.

आता पेट्रोल. कार्बोरेटरखालचं गास्केट, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि असल्यास ब्रेक बूस्टरची नळी तपासा. आयडलवर एकेक नळी चिमटीत दाबा. इंजिन सुधारलं तर हवा तिथूनच शिरत होती. रबरी नळ्या जुन्या असतील तर फुगल्यात किंवा चिरल्यात का बघा, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने त्या लवकर खराब होतात. कार्बोरेटरच्या गोल काचेत पेट्रोलची पातळी खुणेवर हवी. चढावर पातळी उतरत असेल तर फिल्टर किंवा पंप. आयडलला बंद पडते पण दाबल्यावर नीट चालते, अशी तक्रार असेल तर स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) साफ करा. कार्बोरेटरला कट-ऑफ सोलेनॉइड (किल्ली बंद केल्यावर पेट्रोल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असेल तर किल्ली ऑन करताच तो टक् वाजतो का ऐका.

मिक्श्चर स्क्रू यानंतरच. फिरवण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे बसले ते लिहून ठेवा आणि तितकेच फेरे परत बाहेर काढून मगच सेटिंगला सुरुवात करा.