येळवशीचा स्वयंपाक: आधी रान बघा, मग बेत ठरवा

वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, मार्गशीर्षातल्या अमावस्येला येते. लातूर आणि धाराशिवकडे त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ ओस पडते आणि माणसं रानात जेवायला जातात. बीड-नांदेडच्या लगतच्या गावांत, तसंच पलीकडे बिदर-कलबुर्गीकडेही हा सण होतो. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळीही या एका दिवसासाठी गावी येतात. अलीकडे मात्र अनेक घरांत बेत आधीच ठरलेला असतो. पनीरची भाजी, पाकिटातला वाटाणा, डब्यातले गुलाबजाम घेऊन लोक बांधावर पोचतात आणि पाच पावलांवर तुरीच्या शेंगा तशाच लटकत राहतात. हे बघून जीव तुटतो. भज्जी (ओले दाणे आणि पालेभाज्यांची पीठ लावलेली भाजी), आंबील (ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचं ताकातलं पेय), उंडे (बाजरीचे वाफवलेले गोळे), खीर हा बेत त्या महिन्यात रानात जे उभं असतं त्यातूनच जमलेला आहे. तो नीट जमवायचा तर नियोजन उलट्या बाजूने करावं लागतं. रान काय देतंय ते आधी बघायचं, यादी नंतर लिहायची.

खालची मापं साधारण वीस जणांची आहेत.

१. सगळ्यात आधी तारीख बघा

येळवशीची तारीख दरवर्षी सरकते. २०२४ सालात ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि पुन्हा ३० डिसेंबरला. २०२५ ला ती १९ डिसेंबरला होती. एकोणीस डिसेंबर आणि अकरा जानेवारी यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर आहे, आणि रब्बीच्या रानात तीन आठवड्यांत चित्र पालटतं.

येळवस डिसेंबरच्या मध्याकडे आली तर तूर तुमच्या हातात असते. शेंगा हिरव्या, दाणे भरलेले आणि कोवळे. हरभरा तेव्हा बहुतेक ठिकाणी फुलात असतो, घाटे भरलेले नसतात. अशा वर्षी भज्जीचा जोर तुरीवर आणि वालावर ठेवा. हरभऱ्याची चव हवी असेल तर उशिरा पेरलेल्या, अजून फुलावर न आलेल्या हरभऱ्याचे शेंडे खुडून आणा.

येळवस जानेवारीत गेली तर नेमकं उलट होतं. तूर वाळायला लागते, काही ठिकाणी काढणीही झालेली असते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ हे लवकर येणारं वाण ज्यांनी पेरलं, त्यांच्याकडे तर जानेवारीत हिरवी शेंग शोधावीच लागते. त्या वर्षी हरभऱ्याचे घाटे सोला. लवकर पेरलेल्या ज्वारीला हुरडाही मिळू शकतो. मग जेवणाआधी मुलांना मूठमूठ हुरडा आणि जवसाची चटणी दिली तर भज्जी तयार होईपर्यंत कुणी स्वयंपाकाभोवती घोटाळत नाही.

२. आठ दिवस आधी रानातून एक चक्कर मारा

स्वतःचं शेत असेल तर जा, नसेल तर ज्यांच्या रानात जेवायला जायचंय त्यांना फोन करा. विचारायच्या गोष्टी मोजक्या: तूर हिरवी आहे का, वालाच्या शेंगा किती, बोरं पिकलीत का, चुका-मेथी बांधावर आहे की बाजारातून आणावी लागेल. आणि एक प्रश्न कधीच विसरू नका: फवारणी कधी झाली?

हरभऱ्यावर घाटेअळीसाठी आणि तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारण्या ऐन याच दिवसांत होतात. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही ते लिहिलेलं असतं. ते दिवस उलटले नसतील तर त्या रानातलं काही खुडू नका, घरच्या चार ओळी असल्या तरीही. हरभऱ्याची भाजी धुतली की तिची आंब, म्हणजे पानांवरचा आंबटपणा, जाते म्हणून जुन्या बायका ती धूत नसत. पण ती गोष्ट फवारणी नसलेल्या रानाची. आज ज्याला येळवशीसाठी हरभरा लागणार आहे त्याने पेरतानाच एक कोपरा बाजूला ठेवावा आणि त्यावर औषध मारू नये. हे नियोजन ऑक्टोबरमध्येच करायचं असतं.

ज्यांचं रान नाही त्यांनी मोठ्या मंडईऐवजी सणाच्या आधीचा आठवडी बाजार गाठावा. तिथे शेतकरी बाया स्वतःच्या शेंगा पोत्यावर ओतून बसतात. भाव करताना घासाघीस करू नका. त्या शेंगा पहाटेच्या थंडीत तोडलेल्या असतात.

३. कोरडा माल याच आठवड्यात भरा

ज्वारी तीन किलो, बाजरी दोन किलो दळून आणा. ज्वारी मालदांडी किंवा परभणी मोती असली तर भाकरी मऊ होते आणि आंबीललाही गोडी येते. जालन्याकडच्यांना दगडी ज्वारी मिळाली तर ती घ्या, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याच साली लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांनाही ते मिळालं. गंमत म्हणजे चिंच आणि कोथिंबीर या दोन्ही गोष्टी भज्जीला लागतातच. नवी चिंच या दिवसांत तयार नसते, तेव्हा गेल्या हंगामातली मीठ लावून ठेवलेली चिंच पाव किलो काढून ठेवा.

तेल करडईचं, घाण्यावरचं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ अर्धा किलो. तीळ, शेंगदाणे, सुंठ, वेलची, खोबरं. गूळ दीड किलो. गुऱ्हाळं सुरू झालेली असतात, त्यामुळे नवा गूळ मिळतो. फार पिवळाधमक गूळ टाळा, गडद रंगाचा घ्या.

खिरीचा गहू खपली असेल तर उत्तम. किलोभर गव्हाला पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवा, उखळात हलक्या हाताने कांडा, वाळवा आणि पाखडून कोंडा काढा. उखळ नसेल तर मिक्सर अगदी थांबत थांबत फिरवा. दाण्याचं साल सुटलं पाहिजे, पीठ होता कामा नये.

४. दोन रात्री आधी आंबील लावा

आंबील हे या जेवणाचं मूळ आहे. रानात शिंपायला, कोपीतल्या (कडब्याच्या खोपीत मांडलेल्या पाच दगडांच्या) पांडवांना दाखवायला आणि प्यायला तीच लागते. डिसेंबरच्या थंडीत पीठ लवकर आंबत नाही, म्हणून एक रात्र पुरत नाही. अर्धा किलो ज्वारीचं पीठ लिटरभर ताकात कालवा आणि मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून चुलीच्या उबेला ठेवा. बिनकल्हईचं पितळ आणि अॅल्युमिनियम वापरू नका, आंबट ताक त्या धातूला खातं.

सणाच्या पहाटे तीन लिटर पाणी उकळा, आंबलेलं पीठ बारीक धारेने ओता आणि ढवळणं थांबवू नका. वीसेक मिनिटांत ते घट्ट आणि चकचकीत होतं. आता ते पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ताक घातलं तर फाटतं. गार झाल्यावर दोन लिटर गोडसर ताक, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर घाला. ताक घरच्या दुधाचं असेल तर बाकी काही लागत नाही.

५. आदल्या दिवशी शेंगा

शेंगा, घाटे, बोरं, पालेभाज्या आदल्या दिवशी दुपारी आणा. सोललेले दाणे सगळे मिळून दोन किलो हवेत. तुरीच्या शेंगांचं सालपट बरंच निघतं, निम्मेच दाणे हाती येतील असं धरा. सोलायचं काम रात्री सगळ्यांनी मिळून करा. शहरातून आलेल्या पोरांना वाल आणि तूर यातला फरक याच वेळी कळतो. पालेभाज्या निवडून ओल्या फडक्यात गुंडाळा, चिरायचं सकाळीच.

गहूही याच रात्री भिजत घाला.

६. भज्जी

भज्जीला एक ठरलेली कृती नाही, पण क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की सगळं एकजीव होत नाही. आधी तुरीचे आणि वालाचे दाणे मीठ घालून शिजवा, ते सगळ्यात हट्टी. ते बोटाने दबायला लागले की हरभरा, वाटाणा, गाजराच्या फोडी, वांगी. त्यानंतर मेथी चार जुड्या, पालक, कांद्याची पात, लसणाची पात. बोरं अख्खी टाका, खाणाऱ्यांना बिया असल्याचं सांगून ठेवा.

चिंचेचा कोळ आणि चुका दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणे शिजायचे थांबतात, मग कितीही जाळ घाला. चुका भरपूर असेल तर चिंच निम्मी करा, कारण बोरांचाही आंबटपणा उतरतो.

शेवटी डाळीचं पीठ गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि ओता. पाव किलोपासून सुरुवात करा, लागेल तसं वाढवा. भज्जी पळीतून सावकाश पडली पाहिजे, वडीसारखी उभी राहता कामा नये. वरून करडईच्या तेलात लसूण, मिरची, जिरं, तीळ यांची फोडणी.

यात गरम मसाला घालू नका. ओल्या दाण्यांचा वास हीच भज्जीची चव आहे, मसाल्याने ती मरते.

७. उंडे, भाकरी, खीर

उंड्यांसाठी बाजरीचं पीठ उकळत्या पाण्यात मीठ-तीळ घालून मळा, मुठीएवढे गोळे करा आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवा. सुरी घालून कोरडी निघाली की झाले. भाकरी पहाटे थापा आणि कापडात बांधा. बाजरीच्या भाकरीला वरून तीळ लावायला विसरू नका.

खिरीचा गहू भरपूर पाण्यात शिजवा. दाणा चिमटीत सहज चिरडला पाहिजे. गूळ त्यानंतरच घाला, नाहीतर गहू टणक राहतो. सुंठ, वेलची, खोबरं घाला. दूध पातेल्यात ओतू नका, गुळाने नासतं. पानात वाढताना वरून थंड दूध आणि तूप घ्या.

सोबत कारळाची किंवा जवसाची कोरडी चटणी, ठेचा, पातीचा कांदा. लोणचं-पापड मांडायची गरज नाही.

८. रानात नेताना आणि परतताना

भज्जी गरम असतानाच झाकण घट्ट बांधून न्या. आंबीलचं मडकं वेगळं, सावलीत. प्लास्टिकच्या ताटल्या नकोत. त्या बांधावर उडतात आणि गुरांच्या पोटात जातात. पळसाच्या पत्रावळी किंवा घरची ताटं घ्या. वाटेने जाणाऱ्याला जेवायला बोलवायची रीत आहे, तेव्हा मापं करताना चार-पाच माणसं जास्त धरा.

उरलेली भज्जी संध्याकाळी घरी आल्यावर लगेच एक उकळी काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरलेली लागते. उंडे कुस्करून कांदा-लसणाच्या फोडणीत परता. आंबील मात्र दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. जास्त झाली असेल तर त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी पोचवा.