तान्ह्या पोळ्याला शेल्टरसाठी जनावरांच्या फोटोचा स्टॉल लावताय? या चुका टाळा

आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. सकाळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणून काढतात तो पुतळा, गावाबाहेर जाते, दुपारनंतर पोट्टे आपापले लाकडी बैल सजवून देवळासमोर आणतात अन् मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर लांबून लोक येतात, पण लहान गावातही त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असते. म्हणून आम्ही तीन वर्षांपासून त्याच दिवशी तालुक्याजवळच्या एका प्राण्यांच्या शेल्टरसाठी फोटोचा स्टॉल लावतो. लेकरू, त्याचा लाकडी बैल अन् घरचं कुत्रं, बकरू, वासरू, जे असेल ते, सगळे एका फोटोत, पन्नास रुपये. पैसा जातो गाडीखाली येऊन पाय मोडलेल्या कुत्र्यांच्या औषधाला अन् सोडून दिलेल्या म्हाताऱ्या ढोरांच्या चाऱ्याला.

यंदा आजूबाजूच्या तीन-चार गावच्या पोरापोरींनी विचारलं की दादा आम्हीही लावू का. लावा, नक्की लावा. पण आमच्या हातून जे झालं ते तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितोय, अन् सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून घ्या, जनावर जसं शांत आलं तसंच शांत घरी गेलं पाहिजे, फोटो नाही मिळाला तरी चालेल.

डीजेच्या बाजूला जागा घेणं

पहिल्या वर्षी मंडळाच्या पोरांनी प्रेमानं स्टेजला लागूनच जागा दिली, आम्हालाही वाटलं गर्दी इथंच आहे तर बरंच झालं. दुपारी डीजे सुरू झाला, कोणीतरी फटाक्याची लड लावली, अन् एका घरचं तांबडं कुत्रं गळ्यातला पट्टा मागं ओढून डोकं काढून पळालं ते थेट गावाबाहेर. कमरेएवढ्या पऱ्हाटीत रात्री साडेनऊपर्यंत आम्ही टॉर्च घेऊन हाका मारत फिरलो, ज्या पोरीचं कुत्रं होतं ती बांधावर बसून रडून राहिली होती. सापडलं, पण तो दिवस मी विसरलो नाही.

तेव्हापासून स्टॉल जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात, देवळापासून दोन गल्ल्या लांब, फाटक बंद ठेवून, अन् फाटकावर एक माणूस फक्त फाटक उघडायला-लावायला. गर्दी कमी होईल ही भीती वाटते, ती खोटी आहे, आदल्या दिवशी बैलांच्या पोळ्यात माईकवर एकदा सांगून द्या, लोक बरोबर येतात. वेळ सकाळी मारबत गेल्यावर ते साधारण एकपर्यंत, म्हणजे डीजे लागायच्या आत आटोपते.

कुत्र्याला दोन दोऱ्या लावा, एक गळ्यातल्या पट्ट्याला अन् एक छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला. छातीचा पट्टा नसेल तर जुनी सुती ओढणी छातीवरून नीट गुंडाळून बांधता येते, आम्ही तशा चार ओढण्या स्टॉलवरच ठेवतो.

कुत्रं काय सांगून राहिलं ते न पाहणं

लोकांना वाटते कुत्रं गुरगुरलं तरच ते चिडलं. त्याच्या लय आधी ते सांगत असते. काही खायला नसताना ओठ चाटते, झोप नसताना जांभया देते, तोंड फिरवते पण डोळा तिरपा करून आपल्याकडेच पाहते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, शेपूट पोटाखाली जाते, किंवा एकदम पुतळ्यासारखं थिजते. हा थिजलेला क्षण सगळ्यात फसवा, कारण फोटोवाल्याला वाटते चला आता हललं नाही, काढून घेऊ. त्याच वेळी लेकराचा हात त्याच्या गळ्यात असतो. थांबा, लेकराला बाजूला घ्या, कुत्र्याला दहा मिनिटं शाळेच्या मागं फिरवून आणा, तरी नाही जमलं तर नुसता कुत्र्याचा लांबून काढा अन् लेकराचा वेगळा.

लेकराला कुत्र्यावर बसवणं, मिठी मारून गाल लावणं, दोन अनोळखी कुत्रे एका फोटोत बसवणं, हे कोणी कितीही म्हटलं तरी नाही. "आमचं काही नाही करत हो" असं प्रत्येक जण म्हणते, अन् घरी ते खरंच काही करत नसेल, पण इथं ते घरी नाहीये.

मांजर स्टॉलवर बोलावूच नका. पोतडीत घालून आणतात बिचारीला. एक पोरगं मोबाईल घेऊन त्यांच्या घरी पाठवा, तिच्या खिडकीतच मस्त फोटो येतो.

खरा बैल स्टॉलवर आणणं

"बैलाचा फोटो नाही तं पोळा कायचा?" असं एक आबाजी म्हणाले अन् ते बरोबरच होतं. पण बैलाला शाळेत आणू नका, आपण त्याच्याकडे जा. एक तर पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभा असताना, पोळा फुटायच्या आत, नाहीतर सकाळी त्याच्या कोठ्यासमोर झूल अन् घुंगरमाळ घातल्यावर. कासरा मालकाच्याच हातात पाहिजे, आपल्या पोराच्या नाही. मागून जायचं नाही, बाजूनं थोडं तिरपं उभं राहून, फ्लॅश बंद. ड्रोन अजिबात नको, डोक्यावर भणभण झाली की शांत जोडीही बिथरते, अन् बाजूला पन्नास लेकरं असतात.

दुसरं कारण गाई-बैलांच्या लंपी रोगाचं. २०२२ अन् २०२३ ला आपण पाहिलं काय झालं ते, २०२३ ला तर कितीतरी ठिकाणी पोळा भरवायलाच मनाई होती. माश्या, डास, गोचीड यांच्यातून तो रोग पसरते, त्यामुळं अंगावर गाठी, ताप, नाकातून-डोळ्यातून पाणी असं जनावर असेल तर त्याचा फोटो नाही, मालकाला जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर द्या. १९६२ हा टोल फ्री नंबर पशुवैद्यकीय फिरत्या गाडीसाठी आहे, तो स्टॉलवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, निदान एवढ्यानं तरी कोणाचा फायदा होईल.

सजावट

शिंगाला लावायचा रंग बैलाच्या शिंगासाठी असते, कुत्र्या-बकऱ्याच्या अंगासाठी नाही. कुत्रं अंग चाटते, म्हणजे तो रंग पोटात जाते. बेगड, चमकी, प्लास्टिकच्या झिरमिळ्या, सैल घुंगरू हे गिळलं जाते. आम्ही आता सुती रुमाल वापरतो, प्रत्येकाला वेगळा, अन् फोटो झाला की तो त्यांनाच देऊन टाकतो. आधी एकच झूल सगळ्या कुत्र्यांना चढवत होतो ती मोठी चूक होती, खरूज अन् गोचीड असेच एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

अन् मागच्या पडद्याला फुलं लावाल तेव्हा कण्हेर नको. आमच्याकडे प्रत्येक आवारात कण्हेर आहे, तोडायला सोपी, दिसायला सुंदर, पण तिचं पान, फूल, फांदी सगळंच विषारी आहे अन् बकरी सजावट खाते म्हणजे खातेच. आमचा अख्खा झेंडूचा तोरण एका पाठीनं, म्हणजे बकरीच्या पिल्लानं, फोटो निघायच्या आत अर्धा केला होता, झेंडू होता म्हणून निभावलं.

पिल्लं आणणं

तीन महिन्यांच्या आतलं, लस न झालेलं पिल्लू गर्दीत आणू नका म्हणून आधीच सांगा. पार्व्हो नावाचा रोग पिल्लांना रक्ताची हगवण लावून दोन-तीन दिवसात मारते, अन् त्याचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकते, साध्या फिनाईलवर भरवसा ठेवू नका. घरगुती ब्लीच असते ना, ते एक भाग अन् तीस भाग पाणी असं करून फरशी आधी धुऊन मग त्या पाण्यानं दहा मिनिटं ओली ठेवायची, मग पुन्हा साध्या पाण्यानं धुवायची. हे सकाळी एकदा अन् स्टॉल आटोपल्यावर एकदा.

शेल्टरमधली पिल्लं दाखवायला आणणं अन् तिथंच देऊन टाकणं, हे तर कधीच नाही. सणाच्या भरात लेकरू हट्ट करते, बाप हो म्हणते, अन् आठ दिवसांनी तेच पिल्लू बसस्टँडवर दिसते. आमच्यासोबत हे झालेलं आहे. आता आम्ही फक्त फोटो लावतो अन् नाव-गाव लिहून घेतो, ज्याला खरंच पाहिजे तो पुढच्या आठवड्यात घरच्या मोठ्या माणसाला घेऊन शेल्टरवर येते.

खाऊ अन् ऊन

पुरणपोळी कुत्र्याला, वडे कुत्र्याला, चॉकलेट कुत्र्याला, येणारा प्रत्येक जण काहीतरी टाकते. कांदा, लसूण, मनुके-द्राक्षं अन् चॉकलेट कुत्र्याला विष आहे, हे तीनदा सांगावं लागलं तरी सांगा. स्टॉलवर उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे किंवा साध्या पोळीचे तुकडे ठेवा, तेही मालकाला विचारून. बैलाचंही तेच, प्रेमापोटी पुरण अन् पीठ टोपलंभर चारलं की पोटात आंबते, फुगते, अन् सणाच्या दिवशी डॉक्टर शोधत फिरावं लागते.

पावसाची सर येऊन गेल्यावर जे ऊन निघते तो उकाडा कुत्र्याला सहन होत नाही, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, सगळं धापेवरच असते. जास्त धाप, घट्ट लाळ, पाय लटपटणं दिसलं की रांगेतून काढून सावलीत न्या, साधं थंड पाणी पोटावर-पायावर घाला, पंख्यासमोर ठेवा, थोडं थोडं पाणी पाजा अन् डॉक्टरला फोन करा. पाण्याचं भांडं रांगेच्या सुरुवातीला अन् शेवटी, दोन्हीकडे.

फोटो बिघडतात ते काहून

उभं राहून वरून काढला की कुत्रं उंदरासारखं दिसते, गुडघ्यावर बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणा. काळ्या कुत्र्यामागं काळा पडदा नको. फ्लॅश लावला की डोळे हिरवे चमकतात, व्हरांड्याचा उजेड पुरते. मोबाईल असेल तर बटन दाबून धरून सलग दहा-बारा काढा, एक तरी चांगला निघते. लेन्स दर अर्ध्या तासानं रुमालानं पुसा. बाकी शिट्टी, चुटकी हे एकदाच वापरायचं, पाचव्यांदा कोणतंच कुत्रं पाहत नाही.

फोटो न पोचवणं

ही सगळ्यात मोठी चूक अन् हिच्याबद्दल मी जरा जास्त लिहितो. पहिल्या वर्षी आम्ही वहीत नाव अन् मोबाईल नंबर लिहिले, फोटो तीन मोबाईलवर काढले, अन् संध्याकाळी कोणतं बकरू कोणाचं हेच कळेना. पंधरा-वीस घरी फोटो गेलेच नाही. त्यात एका आजीचा होता, तिच्या म्हाताऱ्या बैलासोबत. पुढच्या पोळ्याला आम्ही गेलो तेव्हा खुंटा रिकामा होता. तिनं विचारलं, "बापू, त्याचा फोटो हाय का तुमच्याजवळ?" नव्हता. पन्नास रुपये तिनं दिले होते, अन् ते मोजून दिले होते.

म्हणून आता असं करतो. रांगेत पावती फाडतानाच नंबर देतो, अन् प्रत्येकाचा पहिला फोटो त्या नंबरच्या पाटीचा. पाटीवर खडूनं सत्तावीस लिहिलेलं, मग पुढचे सगळे फोटो सत्तावीसचे, पुढची पाटी येईपर्यंत. इतकी साधी गोष्ट आहे पण संध्याकाळचे चार तास वाचतात. मोबाईल नंबर लिहून घेतला की तिथंच मिस कॉल द्या, चुकीचा असेल तर तेव्हाच कळते. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दबून जाते अन् प्रिंट फाटल्यासारखी येते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची यादी वेगळी, त्यांना चार बाय सहाची प्रिंट तालुक्यावरून काढून घरी नेऊन द्यायची, अन् त्याचं काम एका माणसाच्या नावावर टाकायचं. लाईट जाते हे धरून चाला, दोन पॉवर बँक भरून ठेवा. रात्रीच सगळे फोटो दुसऱ्या एका ठिकाणी कॉपी करा. सगळ्यांना पोचले की नंबरांची वही जाळून टाका, पोरीबाळींचे नंबर असतात त्यात.

पैसा

आपल्या पोराच्या खात्याचा क्यूआर लावू नका, कितीही सोपं वाटलं तरी. शेल्टरच्या संस्थेचाच क्यूआर, संस्थेचीच पावती. संस्था नोंदणीकृत नसेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात विचारून घ्या की अशी वर्गणी गोळा करता येते का. एखादा मोठा दुकानदार जास्त देत असेल अन् त्याला ८०जीची, म्हणजे दानावर मिळणारी आयकराची, सूट पाहिजे असेल तर दोन हजाराच्या वर रोख घेऊन उपयोग नाही, चेक किंवा ऑनलाईन घ्या, अन् ती सूट जुन्या कर पद्धतीतच मिळते हेही सांगा.

पण पैसे नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका. सोयाबीन निघायच्या आधी आपल्याकडे कोणाच्या हातात पैसा असते? आम्ही पाटीवर लिहितो, पन्नास रुपये किंवा पोतंभर कुटार (ढोरांचा भुसा) किंवा जुने बारदाने. मागच्या वर्षी एका शेतकऱ्यानं सरकीच्या ढेपेचं अख्खं पोतं आणून टाकलं, रोख पैशापेक्षा शेल्टरला त्याचंच काम जास्त होतं. अन् लेकरांच्या बोजाऱ्यावर डोळा ठेवू नका, डबा ठेवा, मागू नका.

चावलं तर, अन् पोपट आला तर

चावलं की आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात, अन् रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीसोबत जखमेत सीरम द्यायचं असते ते स्वतः विचारा. पुढचे डोस चुकवू नका, रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. साबण, पाण्याची कॅन अन् गाडी असलेल्या एका माणसाचा नंबर स्टॉलवर पाहिजेच.

पिंजऱ्यात पोपट घेऊन कोणी ना कोणी येतेच. आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, पाळता येत नाही, म्हणून त्याचा फोटो काढून आपण तो गुन्हा सजवायचा नाही. चारचौघात रागावू नका, बाजूला घेऊन नीट सांगा अन् वनविभागाला द्यायला समजवा, आमच्याकडे एका पोरानं स्वतःच बापाला घेऊन जाऊन दिला. नुसता उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला बाहेर टिकणं लय अवघड असते.

तिसऱ्या दिवशी हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा, किती फोटो, किती रुपये, किती पोती कुटार, प्रिंटला किती गेले, अन् खाली शेल्टरची पावती चिकटवायची.