हृदयरोगाच्या चाचणीत मोजायचं काय?

एमडी-डीएमचा प्रबंध असो की नव्या औषधाची चाचणी, आराखड्यात औषध, डोस आणि रुग्णसंख्या आधी ठरते. 'मुख्य निष्पत्ती', म्हणजे औषधाचा परिणाम ज्यावरून ठरवायचा ते माप, हा रकाना शेवटी घाईत भरला जातो. क्रम उलटा हवा, कारण रुग्णसंख्या त्याच रकान्यातून निघते.

पहिली चाळणी: ही गोष्ट रुग्णाला स्वतःला जाणवते का? मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, धाप जाणवते. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) किंवा एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तातली खूण) जाणवत नाही. 1989 मध्ये 'कास्ट' चाचणीने हा धडा महागात शिकवला. झटक्यानंतरचे हृदयाचे जादा ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी आटोक्यात आले, पण प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीपेक्षा) जास्त रुग्ण दगावले. एनटी-प्रोबीएनपी शिवाय वय आणि किडनीच्या विकाराने वाढतो, लठ्ठपणात कमी दिसतो.

मग सरळ मृत्यूच मोजावा? हिशेब करा. धोका 20 टक्क्यांनी घटतो हे 90 टक्के पॉवरने (म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता 90 टक्के) दाखवायला साधारण 850 घटना, इथे मृत्यू, लागतात. वर्षाला 5 टक्के रुग्णांत घटना घडत असेल तर सुमारे दहा हजार रुग्ण दोन वर्षं सांभाळावे लागतील. एकट्या केंद्राचं हे काम नव्हे.

म्हणून हृदयविकाराने मृत्यू, झटका आणि पक्षाघात यांची मोट बांधून एकच निष्पत्ती धरतात, म्हणजे घटना लवकर जमतात. त्यात अँजिओप्लास्टी घुसडताना सावध राहा. ती करायची की नाही हे डॉक्टर ठरवतो; औषध कोणाला मिळालंय हे त्याला माहीत असेल तर निकाल तिथेच झुकतो. शिवाय सौम्य घटनाच संख्येने जास्त असतात आणि मृत्यूचा आकडा त्यात बुडतो. प्रत्येक घटक वेगळा छापायचाच.

इस्पितळात भरती हा निकष नाशिक जिल्ह्यात आणखी फसवा. सुरगाणा-पेठकडचा रुग्ण धाप लागली तरी घरीच थांबतो, नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवरचा त्याच दिवशी भरती होतो. म्हणजे आकडा आजाराइतकाच अंतराचाही. यादृच्छिक वाटप (कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणं) करताना शहर आणि दुर्गम तालुके असे वेगळे स्तर पाडा. घरी झालेल्या मृत्यूचं कारण अनेकदा नीट कळत नाही. अशा वेळी 'कोणत्याही कारणाने मृत्यू' हाच प्रामाणिक निकष. झटका कशाला म्हणायचं यासाठी 2018 ची चौथी सार्वत्रिक व्याख्या घ्या, आणि निर्णय अशा समितीकडे द्या जिला रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नाही.

लहान चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तो आजार) दोन मापं उपयोगी. सहा मिनिटांची चाल, म्हणजे तेवढ्या वेळात रुग्ण किती मीटर चालतो: 30 मीटरचा सपाट, मोकळा कॉरिडॉर, दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य. "अजून थोडं, चला, चला" असं एका गटाला जास्त म्हटलं की मीटर वाढतात. पहिल्या खेपेला सराव नसतो, म्हणून सुरुवातीची चाचणी दोनदा घ्या. दुसरं, केसीसीक्यू, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा त्रास आणि जीवनमान विचारणारी प्रश्नावली: 0 ते 100 गुण, 5 गुणांचा फरक रुग्णाला जाणवणारा मानतात. घरगुती भाषांतर चालणार नाही. परवानगी आणि पडताळलेली मराठी आवृत्ती हवी. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात. द्राक्ष तोडणीच्या हंगामात रुग्णाचे कष्ट बदलतात, फॉलोअपही चुकतो, तेव्हा तारखा दोन्ही गटांना सारख्याच ठेवा आणि न आलेल्यांना फोनवर विचारा.

शेवटी माप, वेळ आणि गणिताची पद्धत एका वाक्यात लिहा: 'सहा महिन्यांनी केसीसीक्यूमधला बदल, दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक'. नुसतं 'जीवनमान सुधारलं का' लिहिलंत तर नंतर सोयीचा आकडा निवडायला रान मोकळं राहतं. हे वाक्य पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदवा. पुढे बदलावं लागलं तर तारीख आणि कारणासह.