पट्टी चुकली की मोठ्याने वाचा

मी ३१ वर्षं मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. निवृत्त झालो आणि कान मंदावले. टीव्हीचा आवाज २२ वरून ४० वर गेला, तेव्हा हिने रिमोट काढून घेतला. "अहो, शेजाऱ्यांना त्यांच्या टीव्हीचं तरी ऐकू द्या!" त्या दिवसापासून आमच्याकडे टीव्ही वाचला जातो.

तसाही आवाज वाढवून उपयोग नव्हताच. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, वरच्या सुरातले आवाज जातात. स, श, फ, त ही मंडळी गळतात, स्वर शाबूत राहतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. तुमचं असं होत असेल तर आवाजाचं बटण सोडा आणि पट्टीचं शोधा. (पट्टी हा आमच्या घरातला शब्द. कॅप्शन म्हणा, सबटायटल म्हणा.)

दोन्हींत फरक मात्र आहे. सबटायटल हे भाषा न कळणाऱ्यासाठी, क्लोज्ड कॅप्शन हे ऐकू न येणाऱ्यासाठी. म्हणून कॅप्शनमध्ये दार आपटलं, फोन वाजला, मागे कुणी हुंदका दिला, हेही चौकटी कंसात येतं. यादीत दोन्ही दिसली तर ‘सीसी’ लिहिलेलं निवडा. ‘क्लोज्ड’ म्हणजे हवं तेव्हा दाखवता, नको तेव्हा लपवता येणारं. अमेरिकेत १६ मार्च १९८० पासून हे नियमित सुरू झालं. चित्राच्या संकेतात पडद्यावर न दिसणाऱ्या ज्या ओळी असतात, त्यांतल्या २१व्या ओळीत मजकूर दडवलेला असे आणि तो वाचायला वेगळं खोकं विकत घ्यावं लागे. जुलै १९९३ पासून तिथे १३ इंची आणि त्याहून मोठ्या टीव्हीत ही सोय आतच देणं सक्तीचं झालं.

खोक्याची कटकट आज वायरीच्या रूपाने शिल्लक आहे. टीव्हीच्या मेनूत जाऊन कॅप्शन चालू केलं, तरी पडद्यावर काहीच येत नाही, असं झालं तर सेटटॉप बॉक्सच्या मेनूत जा. बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय वायरीतून फक्त चित्र आणि आवाज येतो, दडवलेला मजकूर येत नाही. तो बॉक्सनेच चित्रावर छापून पाठवायचा असतो. मी यात दोन संध्याकाळी घालवल्या, तुम्ही घालवू नका.

मग अक्षराचा आकार. सेटिंगमध्ये बहुतेक वेळा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली तो बदलता येतो. अक्षर मोठं करा, पण वाक्य तीन ओळींवर जाईल इतकं नको. पांढरं किंवा पिवळं अक्षर, मागे काळी चौकट. चौकटीशिवायचं नाजूक पांढरं अक्षर बर्फाचं दृश्य आलं की पुसलंच जातं.

आता चुकांकडे येतो. माझा जीव त्यातच आहे.

आधी ओळखा की पट्टी तयार आहे की ताजी. दोन ओळी एकदम उमटल्या आणि एकदम गेल्या, तर कुणीतरी निवांत बसून आधी केलेलं काम आहे. तिथे चुका कमी. उलट शब्द एकेक करून सरकत येत असतील आणि बोलणाऱ्याच्या काही सेकंद मागे असतील, तर काम त्या क्षणी चाललंय. ते तीन प्रकारे होतं. स्टेनोटाइपवर बसलेला माणूस २२ कळांच्या यंत्रावर, हार्मोनियमवर सूर धरावा तशा अनेक कळा एकदम दाबतो आणि मिनिटाला २००हून जास्त शब्द काढतो. दुसऱ्या प्रकारात एक जण हेडफोन लावून कार्यक्रम ऐकतो आणि तेच बोलणं सपाट आवाजात, ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ असं उच्चारत यंत्राला पुन्हा सांगतो. तिसऱ्यात माणूसच नाही, यंत्र ऐकतं आणि यंत्रच लिहितं.

तिन्ही प्रकारांत शब्द उच्चारावरून पकडला जातो. छापखान्यातली चूक डोळ्याची असे. घ आणि ध, म आणि भ दिसायला भावंडं, म्हणून खिळे बदलत. पट्टीवरची चूक कानाची असते. शिवाय यंत्र शब्द आपल्या साठ्यातूनच काढतं, त्यामुळे चुकीचा शब्दही ऱ्हस्व-दीर्घासकट निर्दोष असतो. माझ्या डोळ्याला पहिले दोन महिने काही सापडेचना. शुद्धलेखन उत्तम, वाक्य वेड्याचं.

तर पट्टीवर वेड्यासारखं काही आलं, की डोळ्याने उकलू नका. मोठ्याने, भरभर, शब्दांमधल्या जागा विसरून वाचा. स्वतःचाच आवाज मूळ वाक्य सांगतो. हवामानाच्या बातम्यांत एकदा आलं, ‘कमी बाबाचा पत्ता उत्तरेकडे सरकत आहे’. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "दाबाचा पट्टा!" तिने फक्त माझा आवाज ऐकला होता, पडदा पाहिलाच नव्हता, म्हणून तिला आधी कळलं. एका समारंभात ‘व्यासपीठावर मान्य वर उपस्थित आहेत’ असं आलं. वर मान्य असेल तर पुढचं उरकून टाका म्हणावं. ‘माजी अध्यक्ष’ तर दर आठवड्याला ‘माझी अध्यक्ष’ होतात.

सगळ्यात देखणी चूक रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात सापडली. ‘वाहनचालकांनी यम पाळावेत.’ मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने. ‘वाहनचालकांनी नियम.’ दोन ‘नी’ शेजारी आले आणि बोलणाऱ्याने घाईत ते एकात एक मिसळले. यंत्राला एकच ऐकू आला. तो त्याने चालकांना दिला आणि मागे यम उरला. छापखान्यातही असंच व्हायचं. एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं की खिळे जुळवणारा जुळारी एक गिळायचा. पण इतक्या नेमक्या जागी कुणी गिळल्याचं मला आठवत नाही.

विशेषनामं आली की सावध व्हा. साठ्यात नसलेलं नाव यंत्र ओळखीच्या तुकड्यांत तोडतं. ब्रिटनमध्ये एड मिलिबँड या पुढाऱ्याचं थेट पट्टीवर ‘एड मिलर बँड’ झालं होतं, म्हणजे वाद्यवृंदच. तिथेच राजमातेच्या अंत्यविधीच्या वेळी क्षणभराच्या ‘सायलेन्स’चं ‘व्हायोलेन्स’ झाल्याची गोष्ट अजून सांगितली जाते.

आकड्यांवर मात्र मी हसत नाही. ‘सात जखमी’ आणि ‘साठ जखमी’ यांत एका अक्षराचं अंतर आहे आणि दोन्ही वाक्यं शहाण्यासारखी दिसतात. ‘नाही’ गळालं तरीही तसंच, वाक्य शुद्धच राहतं, अर्थ उलटतो. औषधाचं प्रमाण, तारीख, मृतांचा आकडा, न्यायालयाचा निकाल हे पट्टीवरून घेऊ नका, दुसरीकडे पडताळा. मोठ्याने वाचण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण वेडेपणा दिसल्याशिवाय आपण मोठ्याने वाचतच नाही.

चार जण एकदम भांडतात त्या चर्चांना पट्टी लावू नका. यंत्र कधी याचं अर्धं, कधी त्याचं अर्धं घेतं आणि एकच माणूस स्वतःशी भांडतोय असं दिसतं. तसं ते कधी कधी खरंही वाटतं.

रहस्यकथेत उलटा त्रास. पट्टी तयार असते, म्हणून ती बोलण्याच्या आधी येते. अंधारात कुणी कुजबुजतं आणि पट्टीवर बोलणाऱ्याचं नाव आधीच झळकतं. खुनी कोण हे मला सातव्या मिनिटाला कळलं आणि मी भाबडेपणाने हिला सांगून टाकलं. अशा वेळी अक्षर लहान करा आणि तोंड बंद ठेवा. संगणकावर व्हीएलसी या चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहत असाल तर ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी पट्टी एका वेळी ५० मिलिसेकंद मागेपुढे सरकते. थेट प्रक्षेपणाला तो उपाय नाही. तिथे विनोद झाला की आधी ही हसते, मग मी हसतो, आणि ती माझ्या हसण्याला पुन्हा हसते.

एक वही मात्र ठेवा. डाव्या बाजूला पट्टीवर आलं ते, उजव्या बाजूला खरं काय असावं ते. कालची नोंद अशी आहे: ‘येत्या दोन दिवसांत हलक्या ते मध्यम परींची शक्यता’. उजवीकडे मी ‘सरींची’ लिहिलं. त्याखाली हिने पेन्सिलीने लिहिलंय, ‘तरी तुम्ही घरातच थांबा.’