संत्र्याच्या बागेत चाळीस सेन्सर? आधी या चुका टाळा

टेबलावर तीन नोड (सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेले डबे) चालले, म्हणजे बागेत चाळीस चालणारच! हे गणित घेऊन दर हंगामात कोणीतरी माझ्याकडे येतं. पोरं हुशार असतात, पण घाई भारी. मी तरी कुठे वेगळा होतो म्हणा.

काटोलकडच्या एका बागेत मातीतला ओलावा मोजायला मी चाळीस लोरा नोड लावले; लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ. डिसेंबर होता, आंबिया बहारासाठी झाडं ताणावर होती, म्हणजे फुलं यावीत म्हणून त्यांचं पाणी तोडलं होतं. दर दहा मिनिटांनी प्रत्येक नोडचा आकडा घरातल्या गेटवेवर, म्हणजे सगळ्यांचे निरोप झेलणाऱ्या यंत्रावर, यायचा. म्हणजे यायला हवा होता. यायचे पंधरा-सतरा, तेही घराजवळचेच. लांबचे येत नाहीत म्हणजे रेंज कमी, असं मी ठरवूनच टाकलं. गेटवेचा अँटेना पाण्याच्या टाकीवर चढवला. स्प्रेडिंग फॅक्टर ९ वरून १२ केला; हा आकडा वाढवला की निरोप सावकाश जातो, पण लांब पोचतो. दुसऱ्या दिवशी सात-आठच नोड दिसले. बागवाले काका म्हणाले, "काहून गा भाऊ, होते तेही गेले?"

उलगडा झाला तो अपघातानेच. अँटेना बदलायला म्हणून जवळचे दहा नोड काढून मी नागपूरला आणले, आणि त्याच संध्याकाळी लांबचे नोड बोलायला लागले! सगळ्यांची घड्याळं मी एकाच लॅपटॉपवरून लावली होती, त्यामुळे दहाव्या मिनिटाला चाळीसही जण पाच-सहा सेकंदांत एकदम ओरडायचे. त्या गोंगाटात जवळच्याचा जोरदार आवाज तेवढा गेटवेला कळायचा. त्यात मी फॅक्टर वाढवलेला. वीस बाइटचा निरोप ९ वर साधारण ०.१९ सेकंद हवेत असतो, १२ वर १.३ सेकंद. म्हणजे गर्दी मीच सातपट केली.

आता माझा नेम साधा आहे. नोडचा क्रमांक गुणिले पंधरा सेकंद, इतकं थांबून बोलायचं, वर एक-दोन सेकंद इकडेतिकडे. चाळीस नोड दहा मिनिटांत बरोबर बसतात. प्रत्येक निरोपात अनुक्रमांक आणि बॅटरीचा व्होल्टेज टाकतो. अनुक्रमांक नसेल तर किती निरोप हरवले हे कळणार कसं? "नंतर टाकू" म्हणणाऱ्यांनी तो कधीच टाकलेला मी पाहिला नाही.

दुसरी चूक आपल्या काळ्या मातीतली. ताणावर जमीन भेगाळते आणि सेन्सर नेमका भेगेत लटकतो. मग तो मातीचा नाही, हवेचा ओलावा सांगतो. आकडा कोरडाठाक दिसला की माणूस घाबरून ताण तोडतो, म्हणजे वेळेआधीच पाणी देतो. मी सेन्सर तिरपा पुरतो, भोवती त्याच मातीचा चिखल दाबून भरतो आणि झाडापाशी एक उथळ आणि एक खोल असे दोन सेन्सर ठेवतो. दोघांचं पटलं नाही तर आकड्यावर विश्वास न ठेवता खुरपं घेऊन उकरून बघतो.

नोडचा डबा काळा नको. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ वर जातो, उन्हातल्या बंद डब्यात त्याहून कितीतरी जास्त. साध्या लिथियम-आयन सेलना ४५ च्या वर चार्ज करू नये. मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल वापरतो. डबा पांढरा, झाडाच्या सावलीत, सोलर पॅनेल तेवढं उन्हात.

बोर्डावरचा दिवा काढा. दिवा आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) मिळून ५ मिलिअँपिअर खात असतील तर २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सतरा दिवसांत संपते, नोड कितीही झोपला तरी.

परदेशी व्हिडिओ बघून ९१५ मेगाहर्ट्झचे रेडिओ मॉड्यूल मागवू नका. आपल्याकडे ८६५ ते ८६८ हा पट्टा विनापरवाना आहे.

अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूल चालू करू नका. जळू शकतं.

आणि गेटवे मोटारपंपाच्या लाइनवर तर नकोच. शेतीची वीज येते मोजके तास, तीही कधी रात्रीची. माझ्या गेटवेला वेगळी बॅटरी असते, आणि नोंद आधी मेमरी कार्डावर जाते, नेटवर नंतर.